गोठलेली स्क्रीन

"ताई, परत गोठलं गं!" टर्मिनलच्या काळ्या खिडकीकडे बघत धाकटीने कपाळावर हात मारला.

ताईने मान वर केली नाही. पाणीपुरवठ्याच्या या कचेरीत सख्ख्या बहिणीला चिकटवलं तिनेच, काम शिकवलंही तिनेच. आता जो तो धाकटीलाच हाका मारी. आणि नव्या विभागाची प्रमुख कोण, हे साहेब आज ठरवणार होते. ताईचा नुसता जळफळाट होत होता.

धाकटीने एक शॉर्टकट बनवला होता. कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की टाक्यांची पातळी दाखवणारी भलीमोठी कमांड आपोआप उमटायला हवी. उमटत काहीच नव्हतं, उलट स्क्रीनच थिजत होती. कारण ताईला पाठ होतं. ही जोडी शेलपर्यंत, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, पोचतच नाही. टर्मिनल तिला वाटेतच अडवतं आणि स्क्रीन थांबवून ठेवतं. कंट्रोल आणि क्यू दाबलं की सुटते.

"तुझ्या सेटिंगच्या फाइलमध्येच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

धाकटी बिचारी फाइल वरून खाली, खालून वर तपासत बसली. नवी खिडकी उघडली, तीही गोठली. साहेब मागे येऊन उभे राहिले, तशा ताईला मनातून गुदगुल्या झाल्या. होऊ दे जरा फजिती!

पण साहेबांनी चक्क खुर्ची ओढली. "अहो, होतं असं. आधी चहा घ्या." आपला कप त्यांनी तिच्यापुढे सरकवला. ताईला त्यांनी आजवर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. धाकटीचं चहाकडे लक्षच नव्हतं. वैतागून ती मेलेल्या स्क्रीनपुढे कीबोर्डवर काहीबाही बडवत होती. तेवढ्यात फोन वाजला आणि साहेब तो घ्यायला दाराकडे गेले.

ताईला राहवेना. "सरक," म्हणत तिने कंट्रोल आणि क्यू दाबलं. स्क्रीन सुटली आणि धाकटीने इतका वेळ न दिसता टाइप केलेलं भराभर उमटलं:

ताईला माहितीये. सांगणार नाही ती.

धाकटीने घाईघाईने ओळ पुसून टाकली.

"झालं सुरू?" साहेब परत आले. "वा! शेवटी ताईच! नवा विभाग तुम्हीच सांभाळा बघू."

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती धाकटीने, आणि अगदी मनापासून. हिने निदान भांडायला तरी हवं होतं, असं ताईला वाटलं.