टोपलीभर वड्यांचा सौदा

आमच्या गावात मोबाइलचा टॉवर आला तेव्हा पहिला मोठा फोन घेतला तो माझ्या बाबांनी, न्यानंकोरो दियारांनी. त्यांना अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट वेगळी. आलेला निरोप मी हळूच त्यांच्या कानात वाचायचे आणि बाबा तो चहाच्या कोंडाळ्यात खणखणीत आवाजात सांगायचे, जणू आत्ताच वाचलाय.

त्या बाजाराच्या दिवशी निरोप हेडमास्तरांचा होता. सेगू शहरातल्या मोठ्या शाळेसाठी आमच्या गावातून एकच नाव लागलं होतं. माझं.

"बरं," बाबा म्हणाले. "न्येले, पुढचं वाच. कांद्याचा भाव काय आलाय?"

"बाबा, सोमवारी हजर झाले नाही तर जागा जाईल."

"जाऊ दे. तू गेलीस तर घरातलं कोण बघणार?"

घरात आई होती, दोन वहिन्या होत्या, तीन बहिणी होत्या. मी फोनकडे बघितलं. बाबांनी तो घाईघाईनं खिशात घातला.

हे सगळं सनाबा त्राओरेनं ऐकलं. ती कोंडाळ्याशेजारीच चवळीचे वडे तळून विकायची. त्राओरे कुळातल्यांनी दियारा कुळातल्यांना 'चवळीखाऊ', 'गुलाम', वाट्टेल ते म्हणावं, दियारांनी ते हसून दुपटीनं फेडावं, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रागावेल तो हरला. आणि या चेष्टेत दिलेला शब्दही शब्दच.

टोपली काखोटीला मारून सनाबा कोंडाळ्यासमोर उभी राहिली.

"काय रे चवळीखाऊ, पोरीचे डोळे अजून किती दिवस वापरणार?"

कुणाच्या तरी नाकातून चहा आला. बाबांनाही हसावं लागलं.

"चवळीखाऊ कोण? सकाळपासून निम्मे वडे तूच गिळलेस!"

"तू माझा गुलाम. गुलामाची पोर ती माझी. मी तिला सेगूला धाडतेय."

आता बाबा रंगात आले. "फुकट? त्राओरे ते त्राओरेच, सगळे चिक्कू! किंमत मोज की. ही अख्खी टोपली दे आणि घेऊन जा पोर!"

हशा पिकला. टाळी घ्यायला बाबांनी हात पुढे केला. सनाबानं त्या हातात वडा ठेवला आणि टोपली त्यांच्या मांडीवर. तिची त्या बाजाराच्या दिवसाची अख्खी कमाई होती ती. बाबांनी हसता हसता वडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"खाल्लास," सनाबा म्हणाली.

"अगं, चेष्टा केली..."

"मग? मीही चेष्टाच केली. शब्द फिरवतोस का?"

बाबांनी आजूबाजूला बघितलं. वीसेक माणसं, आणि एकही जण नजर हटवेना. त्यांनी घास गिळला. बराच वेळ लागला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. मग टोपली शेजाऱ्याकडे सरकवून उठले. "आणि ऐक गं चवळीखाऊ, पोर तुझी झाली असेल, पण शनिवारी तिला सेगूला सोडायला मी जाणार. तुम्हा त्राओरेंचा काय नेम! वाटेत भूक लागली तर विकून खाल."