इंजिनातले भाऊजी

"आले! आले!" कुणीतरी ओरडलं आणि ताईच्या अंगणात जमलेल्या अख्ख्या गल्लीनं हात जोडले. कुणाला? माझ्या वारलेल्या भाऊजींना. ते म्हणे त्यांच्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या इंजिनात आले होते.

व्हॅन उभी होती, मागचं झाकण उघडं, इंजिन चालू. ते अडखळायचं, आता बंदच पडणार असं वाटायचं, की पुन्हा उसळायचं. आतल्या कपाटातल्या कपबश्या खडखडत होत्या. याच गाडीत संसार थाटून भाऊजी, ताई आणि भाची सुट्टीभर भटकायचे.

"धावताना थरथरते का?" ताईनं बोलावलेल्या मांत्रिक बाबानं डोळे मिटून विचारलं. "नाही! उभी राहिली की थरथरते. धावताना तो मजेत असतो. थांबला की घर आठवतं!"

बायकांनी डोळे पुसले. मला हसू आवरेना.

"काय म्हणतायत हो ते?" ताईनं विचारलं.

"म्हणतोय, पोरीला घराबाहेर पाठवू नकोस."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. भाचीला परगावी नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि तिनं भरलेली बॅग ताईनं कालच रिकामी केली होती. ताईच्या मनातली भीती या लबाडानं बरोबर हेरली होती.

मग त्यानं मंतरलेल्या पाण्याचं भांडं उचललं. शिंतोडे सगळीकडे, पण शेवटची धार कार्बोरेटरच्या मागे. "शांत हो, बाळा!" इंजिन अडखळायचं थांबलं, शांतपणे चालू लागलं. जयजयकार! साठीला टेकलेले भाऊजी, आणि हा त्यांना बाळा म्हणतोय.

मी तंत्रशाळेत मोटारदुरुस्ती शिकवते. ही धार वर्गात मीही सोडते.

"मी ओतू का पाणी?" मी विचारलं.

"तुझं नाही ऐकायचा तो. मंत्र लागतो."

"बरं. तुमचं पाणी आधी वाळू दे."

थोड्या वेळात इंजिन पुन्हा धडधडायला लागलं. मी मोरीतून भांडी विसळलेलं पाणी आणलं.

"अगं, खरकटं पाणी ते!" ताई किंचाळली. तोवर मी धार सोडली होती. इंजिन शांत.

"भाऊजी खरकट्यालाही पावतात की!" मी म्हटलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी कार्बोरेटरमागची रबरी नळी वाकवून सगळ्यांना दाखवली. तिला चीर पडली होती. "इथून जास्तीची हवा आत शिरते. उभ्या गाडीत इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं. त्यात ही भर पडली की पेट्रोल कमी पडतं, म्हणून अडखळतं. धावताना एवढी हवा जात असते की ही जाणवतही नाही. पाण्यानं चीर क्षणभर बुजते. बस्स, एवढंच!"

भाचीनं चिरेवर अंगठा दाबला. शांत. उचलला. धडधड. पोरगी दाबत राहिली, उचलत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

"आणि बाबा, तुमच्या नखांतलं ते ग्रीस मी ओळखते. नळी फाटलेली दिसली होती ना? मग बदलायची सोडून हे काय चालवलंत?"

"श्रद्धा नाही तिथं मी थांबत नाही," म्हणत त्यानं काढता पाय घेतला. लाज कुणालाच वाटली नाही. चारजण तर त्याच्यामागे गेले. पुढच्या गल्लीत कुणाचा तरी फ्रिज थरथरत होता म्हणे.

मी नवी नळी बसवली. इंजिन एका लयीत चालायला लागलं. कपबश्या गप्प झाल्या. ताई पायरीवर बसून रडत होती.

"नळीच असेल गं. पण ते जाऊ नको म्हणत होते. आता कोण म्हणेल?"

"तू म्हण!" माझा पारा चढला. "गेलेल्या माणसाच्या आडून काय बोलतेस? स्वतःच्या तोंडानं सांग तिला!"

ताई पायरीवरून उठली आणि लेकीला म्हणाली, "जाऊ नकोस. मला एकटीला भीती वाटते."

"मलाही वाटते, आई," भाची म्हणाली. "पण मी जाणार."

सोमवारी पोरगी गेली. ताई दारापर्यंतसुद्धा आली नाही. माझ्याशी तर ती अजून बोलत नाही.

न बोलू दे. मला एवढंच म्हणायचंय, भीती वाटते तर सरळ वाटते म्हणा. आईच्या भीतीला लेक उत्तर देऊ शकते. फाटक्या नळीला तिनं काय उत्तर द्यायचं?