एक मात्रा आधी

शेवटच्या साध्या दिवशी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकॉर्डियनचा भाता दुरुस्त करत बसले होते. हवा कुठून निसटतेय हे कळावं म्हणून ते गाल भात्याजवळ नेत आणि डोळे मिटून घेत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलगी मटार सोलत होती.

"रेडिओवाले दोन खुर्च्या ठेवणार आहेत," ते म्हणाले. "एक माझी, एक तुझी. गाण्याला पन्नास वर्षं होतायत. तुलाही."

"तेवढं सांगायची गरज नव्हती."

"येशील ना, घाईबाई?"

"बघते. त्या दिवशी माझा वाढदिवस असतो, आहे का कुणाच्या लक्षात?"

"विसरेन कसा? दर वर्षी रेडिओच सांगतो."

"गाण्याचा सांगतो, बाबा. आत्याचा फोन येतो तोही तुम्हाला. मी आपली कोपऱ्यात."

ते हसले, सोललेल्यातले चार दाणे तोंडात टाकले आणि पुन्हा भात्याकडे वळले.

त्या गाण्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आई दवाखान्यात, बाबा स्टुडिओत. कडव्याचा शेवटचा शब्द पुरता विरल्यावर अकॉर्डियननं शिरायचं, असं ठरलेलं. पण त्याच वेळी काचेपलीकडे ऑफिसातला माणूस फोन ठेवून आला, त्यानं बाळ जोजवावं तसे दोन्ही हात हलवले, आणि बाबांची बोटं एक मात्रा आधीच पडली. स्टुडिओची वेळ संपत आली होती, चूक तशीच राहिली. गाणं डोक्यावर घेतलं लोकांनी. पुढे जो तो वादक तीच चूक मुद्दाम करायला लागला.

"तिथे तू आलीस," बाबा म्हणायचे. महिनाभर आधीच आलेल्या लेकीचं नावच त्यांनी घाईबाई पाडलं होतं.

"चूक तुमची आणि नाव माझं," ती म्हणायची, आणि उठून रेडिओचा आवाज कमी करायची.

दर वाढदिवसाला ऑफिसच्या आवारात गाडी लावून ती एकटीच ते गाणं ऐकत बसायची. ती जागा येऊन गेली की मगच खाली उतरायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत. भात्याला लावलेले चिमटे टेबलावर तसेच होते. माणसं येऊन गेल्यावर तिनं ते एकेक करून काढले. बाबांनी चिकटवलेली पट्टी घट्ट बसली होती.

रेडिओवर ती गेली. रिकाम्या खुर्चीवर तिनं अकॉर्डियन ठेवलं. निवेदिका वयानं लहान होती, मायेनं बोलत होती. "रेकॉर्ड कंपनीनं सुवर्णमहोत्सवासाठी नवी आवृत्ती काढलीय, तीच लावतोय. संगणकावर अगदी स्वच्छ केलीय."

गाणं सुरू झालं. कडवं संपत आलं. तिनं श्वास रोखला. शेवटचा शब्द लांबला, विरला, पार नाहीसा झाला. मग अकॉर्डियन आलं, अगदी वेळेवर.

"हे नाही," ती म्हणाली.

निवेदिकेनं कानावरचा हेडफोन सरकवला. "काय झालं, ताई?"

"हे बरोबर वाजतंय."

"मग?"

"बाबा चुकले होते. ते चुकलेलं लावा ना."

निवेदिका गोंधळून काचेपलीकडच्या तंत्रज्ञाकडे बघायला लागली. त्यानं मागे वळून पाहिलं. "जुनी तबकडी असेल कपाटात. पण खरखर फार आहे तिला."

"असू दे."

तबकडी लागली. खरखरीतून गायिकेचा आवाज वर आला. कडवं संपता संपता तिनं खुर्चीवरच्या भात्यावर हात ठेवला. शब्द अजून विरायचा होता, आणि बाबा शिरले.

गाणं संपल्यावर माइक सुरू झाला. "हे गाणं तुमच्यासाठी काय आहे?" निवेदिकेनं हळूच विचारलं.

तिनं घरून दोन बरी वाक्यं ठरवून आणली होती. माइककडे न बघता ती खुर्चीकडे वळली.

"बाबा, त्या दिवशी मी 'बघते' म्हणाले. 'येते' म्हणायचं होतं. तुम्हाला वाटायचं या गाण्यानं माझा वाढदिवस खाल्ला. मी दर वर्षी गाडीत बसून ऐकत होते. तुम्ही शिरता तिथे मी आले, हे मला फार आवडायचं. मी आवाज कमी करायचे ना, ते तुमच्यासमोर रडू येईल म्हणून."