तीनशेचे चव्वेचाळीस

रुग्णाला सलाईन देणाऱ्या पंपाचा प्रोग्राम धाकटीकडे होता. ऑफिसात सगळ्यांत नवी, म्हणून ती धाकटी. ती वापरायची ती फंक्शनल प्रोग्रामिंगची भाषा भलतीच काटेकोर. स्क्रीनवरून येणारा पूर्णांक मोठे आकडे मावणाऱ्या प्रकारातला, तर मोटरला हवा तो लहान, जेमतेम दोनशे पंचावन्नपर्यंत मावणारा. कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर अडूनच बसला. वैतागून तिने प्रकार बदलणारं तयार फंक्शन मध्ये घातलं, तेव्हा कुठे त्याची कुरकुर थांबली.

"कंपायलरने पास केलंय, काका," तिने टीममधल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामरला सांगितलं.

"छान. आता पाणी भरून बघू."

काकांनी तीनशे मिलिलिटर लावले. पंप चव्वेचाळीसवरच थांबला. तीनशेतले न मावणारे दोनशे छप्पन त्या फंक्शनने गुपचूप कापून टाकले होते.

काका रागावले नाहीत. खुर्ची ओढून ते शेजारी बसले आणि दोघांनी मिळून नवं फंक्शन लिहिलं. आकडा मावला तरच ते तो पुढे देई. नाहीतर पंप सुरूच न होता नर्सला हाक मारी.

पुढच्या वर्षी धाकटीच्या बाबांचं ऑपरेशन झालं. त्यांच्या उशाशी तोच पंप संथपणे चालला होता. बाबांचा डोळा लागल्यावर तिने बाहेर येऊन फोन लावला.

"काका, त्या दिवशी तुम्ही पाणी भरायला लावलंत ना..."

"अगं, ते राहू दे," काका म्हणाले. "बाबा कसे आहेत, ते सांग आधी."