फाटक्या नळीचे खडे बोल

मी एक जुनी रबरी नळी आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेली आहे. मला दात असते ना, तर गुलाबरावांना कडकडून चावले असते!

रोहिणखेडच्या या गुलाबरावांच्या गाडीत मी अकरा वर्षं राबले. माझं एक टोक इंजिनाला, दुसरं ब्रेकमागच्या गोल डब्याला. इंजिन माझ्यातून त्या डब्यातली हवा ओढून घेतं. त्या ओढीमुळेच ब्रेक हलक्या पायानं दबतो. गुलाबराव सगळ्यांना सांगायचे, "ब्रेक लय भारी आहे आपल्या गाडीचा." माझं नाव? छे! कधीच नाही.

पुढे मला भेग पडली. ओढ भेगेतून वाया जाऊ लागली. एरवी निभायचं. पण एसी लावला की इंजिनावर ओझं वाढतं, ते बाहेरूनच जास्त हवा घेतं आणि डब्याला मिळणारी ओढ आणखी घटते. मग ब्रेक दगडासारखा कडक! वामनराव मेकॅनिकनं माझ्यावर बोट ठेवून सांगितलं, "भाऊ, नळी बदला."

"एसीनं कुठं ब्रेक कडक होते का बे? मले शिकवून राह्यला का?" असं म्हणून गुलाबरावांनी माझ्या भेगेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. अकरा वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस!

त्यांची दुसरी खोड तर विचारूच नका. राजूर घाटाचा उतार लागला की गाडी न्यूट्रल! पेट्रोल वाचतं म्हणे. अहो, गेअरमध्ये उतरताना इंजिन डब्यातली हवा जोरात ओढतं, न्यूट्रलमध्ये ते नुसतं गुरगुरतं. पण ऐकतो कोण?

मे महिन्यात त्यांच्या बायकोच्या, सिंधूताईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन बुलढाण्याला झालं. धूळ नको, धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून परतताना काचा बंद, एसी सुरू. मागे लेक समता आईला धरून बसली होती. घाट लागला आणि गुलाबरावांनी सवयीनं न्यूट्रल केलं.

वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. गुलाबरावांनी ब्रेक दाबला. दबेना!

"बाबा, एसी बंद करा! गेअर टाका!" समता किंचाळली. वामनरावांचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

त्यांनी गेअर टाकला, सगळं अंग ब्रेकवर लोटलं. गाडी कठड्याला घासत थांबली. समतानं आईचं डोकं छातीशी आवळून धरलं होतं, म्हणून डोळा वाचला.

"काय झालं हो?" पट्टीखालून सिंधूताईंनी विचारलं.

"काही नाही. बकऱ्या आल्या आडव्या."

घ्या! खापर बकऱ्यांवर!

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी मला काढून नवी नळी बसवली. डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा समतानं आईला खरं काय ते सांगितलं. सिंधूताईंनी मला मागून घेतलं आणि नीट निरखलं.

"एवढ्याशा नळीपायी माहा डोळा घालवत होते तुम्ही?"

सिंधूताईंनी गाडीची चाबी समताच्या हातात दिली आणि मला लिंबू-मिरचीच्या जागी आरशाला टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचा ब्रेक एसी लावल्यावर कडक होत असेल, तर मोठ्यांना गप्प बसू देऊ नका. भांडा! माझ्यासारखी एखादी नळी आत फाटत असेल.

घाटात गुलाबरावांचा हात अजूनही गाडी चालवणाऱ्या समताच्या शेजारच्या सीटवरून गेअरकडे सरकतो. तेव्हा मागून सिंधूताई म्हणतात, "मले दिसते बरं आता."