निळं शेवटी

मोतीरामने चिंधीत खडूची पूड घेतली आणि टेबलावर पसरलेल्या ट्रेसिंग पेपरवर हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. कागदाला बोटांचं तेल लागलं की शाई फुटते, म्हणून ही पूड. हे त्याला कोणी सांगायला नको होतं. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत त्याने चौतीस वर्षं हेच केलं होतं. जुने, झिजलेले नकाशे नव्या कापडावर उतरवायचे. पदाचं नाव ट्रेसर. आता वय चौऱ्याहत्तर, हात कापायचा, पण पेन टेकलं की कापणं थांबायचं. हाताला जुनी भीती असते बहुतेक.

ट्रेसिंग पेपरखाली हर्षाचा नकाशा होता.

हर्षा त्याची मुलगी. हिंदी मुलखातल्या या शहरात, मदन महल भागातल्या एका शाळेत ती सामाजिक शास्त्र शिकवायची आणि जुन्या नकाशांच्या मागे वेडी होती. महिन्यातून एका रविवारी दहा-बारा माणसं गोळा करून ती शहरात हिंडायची. ही गल्ली म्हणजे पूर्वीचा गाडीरस्ता, या दुकानाखाली विहीर आहे, इथे घोड्यांची पागा होती. लोक फोटो काढत, समोसे खात आणि घरी जात. कोणी विहिरीला ‘खड्डा’ म्हटलं तर हर्षा तिथल्या तिथे टोकायची. बुजली म्हणून विहिरीचं नाव जात नाही, असं तिचं म्हणणं होतं.

हा नकाशा तिला गुरंदीच्या भंगार बाजारात सापडला होता. कापडावर चिकटवलेला, शंभरेक वर्षांचा, घड्यांवर फाटलेला. त्यात कांचघर मोहल्ल्याच्या पलीकडचा भाग होता आणि त्या भागात, जिथे आज त्यांच्या वस्तीची चाळीस घरं उभी होती, तिथे फिकट निळा तलाव होता. तलावातून एक नाला निघून वायव्येला गेला होता.

“बाबा, नाला बराबर काढा हं,” हर्षा म्हणाली. रविवार होता, ती वह्या तपासत बसली होती. “मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत द्यायचाय. इंजिनियर साहेब बोलले, पुराना कुछ हो तो ट्रेस करवा के लगा दीजिए. मूळ कागद हाताळला तर तुकडे होतील त्याचे.”

“दिसून राहिला नाला.”

“अन् तलाव पण. पूरा. त्यांना कळू दे ना, पाणी काहून साचते आपल्या इथे.”

मोतीरामने चिंधी झटकली.

“नुसता अर्ज दे ना. नक्शा काहून?”

“नाला मोकळा करून द्या म्हणून तीन अर्ज दिले बाबा. तिन्हींचं उत्तर एकच. वस्तीच्या पुढे रेकॉर्डमध्ये नाला नाही.”

“तलाव दिसला तं हटवतीन सगळ्यायले. शहरातल्या त्या दुसऱ्या तलावावरची घरं नाही पाडली का, तीन घंट्यात?”

“त्यांच्याजवळ पट्टे नव्हते. आपल्याजवळ आहेत.” जागेच्या हक्काचा तो कागद ठेवलेल्या भिंतीकडच्या पत्र्याच्या पेटीकडे तिने हात केला. “सरकारनंच दिले. सरकार आपल्याच कागदाला खोटं म्हणेल का?”

यावर मोतीरामकडे एक उत्तर होतं. ते चाळीस वर्षं घशात अडकलेलं होतं आणि गेल्या दोन वर्षांत तर त्याला काटे फुटले होते.

हर्षाने लाल पेन खाली ठेवलं. भिंतीवर जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर मातकट रेघ होती. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये पाणी तिथवर आलं होतं. तिची आई, कलावती, फ्रिजचा प्लग काढायला पाण्यातून गेली आणि परत आली नाही. नंतर सगळ्या वस्तीने चुना मारून घेतला. या घरात हर्षाने कोणाला ब्रश लावू दिला नाही.

“पण तलावात पट्टे वाटले कोण्या गधड्यानं, त्याचं नाव मला एकदा माहीत पडलं पाहिजे,” ती म्हणाली. “आईला त्यानं मारलं.”

मोतीरामने पेनमध्ये काळी शाई भरली. थेंब बाहेर पडला नाही. चौतीस वर्षांत असा थेंब कधीच पडला नव्हता.

दारातून बेबीताई आत आली. शेजारीण, भंडाऱ्याकडची, मोठ्या आवाजाची. त्या दिवशी फ्रिजजवळून कलावतीला ओढून काढणारी हीच. हातात पोह्यांची ताटली होती.

“जय भीम भाऊ. अच्छा, नक्शा चालू झाला!” ती वाकून बघायला लागली. “मले तं काहीच नाही समजत. आमचं घर कुठं हाये याच्यात?”

“घरं नाहीत यात, बेबीताई. तेव्हाचा नकाशा आहे,” हर्षा हसून म्हणाली.

“नसू दे. नाला झाला पाहिजे बस. वरची खोली बांधून राहिली ना मी, पोरगी बाळंतपणाले येईल. खाली ओलीत कुठं निजवू तिले?” ताटली टेबलाच्या कडेला ठेवता ठेवता तिने ती पुन्हा उचलली, नकाशाजवळ पोहे नकोत एवढं तिला कळत होतं. “भाऊ, तुमच्याच हातात हाये आता.”

ती गेली. मोतीरामने पहिली काळी रेघ ओढली.

त्याच्या कामाचा एक नियम होता. आधी काळं, म्हणजे हद्दी, विहिरी, देवळं. मग लाल, म्हणजे रस्ते. निळं शेवटी. निळी शाई पातळ असते, ओल्या रेघेला भिडली की पसरते, म्हणून पाणी सगळ्यांत शेवटी भरायचं. त्याच्या वरच्या बाबूंनी त्याला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. दुसरी गोष्ट त्यांनी अशी शिकवली की ट्रेसरला मत नसतं. जे खाली दिसतं ते वर उतरवायचं.

चौऱ्याऐंशी साली झोपड्यांना पट्टे द्यायचं ठरलं, तेव्हा हा भाग नव्या कापडावर उतरवायला त्याच्याच टेबलावर आला. विदर्भातून कामासाठी आलेल्या माणसांच्या चाळीस झोपड्या तिथे होत्या, एक त्याचीही. तलाव म्हणजे तोवर राख, राडारोडा टाकून भरत आलेलं डबकं होतं. पण नकाशावर तो पूर्ण होता, आणि नकाशावर पाणी असेल तिथे पट्टा मिळत नव्हता. कोणी त्याला पैसे देऊ केले नव्हते, साहेबाने काही सुचवलं नव्हतं. त्याने काळं केलं, लाल केलं, नाल्याची तेवढी रेघ ओढली आणि निळ्या बाटलीला बूच लावलं. कोपऱ्यात नावाची तीन अक्षरं टाकली. साहेबाने न बघता सही केली. मूळ नकाशा जीर्ण म्हणून नियमाप्रमाणे नष्ट झाला. त्याची एखादी जोडप्रत कुठे धूळ खात पडली असेल आणि चाळीस वर्षांनी आपलीच लेक ती उचलून आणील, हे कोणाच्या ध्यानीमनी येणार?

प्लॉट आखून पट्टे मिळाले त्या दिवशी वस्तीत खीर झाली. कलावतीने कागद बुद्धाच्या फोटोखाली ठेवला आणि हात जोडले. त्या वेळी तरी त्याला आपण चांगलं केलं असंच वाटलं होतं. पुढे दर पावसाळ्यात ती कुरकुरायची, “चाळीस घरं, अन् पाणी पहिले आपल्याच घरात. हाच प्लॉट सापडला तुम्हाले?” तो हसून विषय टाळायचा. सांगितलं असतं तर ती निदान प्लगला हात लावण्याआधी घाबरली असती, असं त्याला आता वाटे. याला काही अर्थ नाही हेही त्याला कळे. तरी वाटे.

सोमवारी हर्षा शाळेत गेली आणि तो एकटाच बसला. दुपारपर्यंत काळं आणि लाल झालं. मधोमध मोठी पांढरी जागा उरली. ती त्याच्या ओळखीची होती.

त्याने निळी शाई उघडली. किनारा ओढला, मग आत बारीक आडव्या रेघा, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर. मध्ये मध्ये खोलीचे आकडे होते, फुटांत. सात. अकरा. एका जागी अठरा. तेही उतरवले. मग शाई वाळेपर्यंत थांबला आणि ट्रेसरने सही करायच्या कोपऱ्यात सुबक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या: ‘सन १९८४ च्या नकलेत हा तलाव मी जाणूनबुजून वगळला. पट्टे त्याच नकलेवरून दिले गेले.’ खाली तीन अक्षरं नाही, पूर्ण नाव. मोतीराम कारू वासनिक.

तोंडाने सांगणं त्याला जमलं नसतं. लिहिणंही धीटपणाचं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

हर्षा पाच वाजता आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून टेबलाशी वाकली. “काय सुंदर काढलंय बाबा,” म्हणता म्हणता तिची नजर कोपऱ्यापर्यंत गेली.

तिने त्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग तिने पेटी उघडली, पट्टा काढला आणि त्याच्या पाठीवरचा छोटा नकाशा ट्रेसिंगशेजारी ठेवला. त्यात नाला पांढऱ्या जागेतून, कशातूनच नसल्यासारखा निघाला होता, आणि वस्तीच्या कडेशीच कागद संपला होता. कोपऱ्यात मो. का. वा. लहानपणापासून हा कागद तिने किती वेळा पाहिला असेल.

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

शेजारी बेबीताईच्या वरच्या खोलीवर गवंडी थापी मारत होता. खाली ती त्याच्याशी हिंदीत भांडत होती, की भैया, खिड़की बड़ी रखना, जच्चा-बच्चा को हवा लगनी चाहिए.

हर्षाने बोट अठरा या आकड्यावर ठेवलं. मग देऊळ, विहीर, रस्ता असं मोजत बोट परत तिथेच आणलं. नकाशावरून जागा शोधणं तिला चांगलं येत होतं.

“हे आपलं घर.”

“हो.”

“सगळ्यात खोल.”

“हो.”

“माहीत असून घेतला?”

मोतीरामने चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरून ठेवला.

“कोणाले ना कोणाले घ्यावाच लागला असता.”

हर्षा खुर्चीवर बसली. रडेल असं त्याला वाटलं, ओरडली तर बरं असंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. भिंतीवरच्या रेघेकडे बघत बसली. थापीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“हे दिलं तर पट्टे जातील,” ती शेवटी म्हणाली. मग तिने शाईच्या डब्याकडे पाहिलं.

“ब्लेड कुठे आहे?”

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने शाईच्या डब्यातून अर्धं ब्लेड काढून तिच्यापुढे ठेवलं.

“कसं खरवडायचं?”

“आडवं धरायचं. टोक नाही लावायचं. कडेकडून आत यायचं.” त्याने बोटाने हवेत करून दाखवलं. “दाबायचं नाही, कागद फाटते.”

“त्या दोन ओळी तुम्ही लिहिल्या, तुम्ही काढा. तलाव मी काढते.”

तिने बाबा म्हटलं नाही. डब्यातलं ब्लेडचं दुसरं अर्धुक त्याने घेतलं आणि ती दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. त्याचं काम लवकर झालं. तिचं मोठं होतं. ती किनाऱ्यापासून आत येत होती, आणि कागदावर निळी भुकटी जमत होती. सात गेलं. अकरा गेलं. अठराशी येऊन तिचा हात थांबला. मग तिने तो आकडाही खरवडला आणि फुंकर मारली.

“अजून दिसतेच आहे.”

“ते खालचं आहे,” मोतीराम म्हणाला. त्याने ट्रेसिंगखालून जुना नकाशा हळूच सरकवून बाहेर काढला, तसा कागद पांढरा झाला. हर्षाने नकाशा गुंडाळून नळीत घातला आणि स्टुलावर चढून माळ्यावर, भिंतीवरच्या रेघेच्या खूप वर, ठेवला.

खाली उतरून तिने उरलेल्या कागदाकडे पाहिलं. रस्ते होते, देऊळ होतं, विहीर होती. मधोमध पांढरी जागा, आणि तिच्यातून निघालेला एक नाला.

“नाला कुठून निघते, असं विचारलं तर?”

मोतीराम चिंधीने निळी भुकटी गोळा करत होता.

“मागच्या टाइमले कोणी नाही विचारलं,” तो म्हणाला.