टाचण्या काढून बोललेलं

ठकीच्या आईच्या तोंडात टाचण्या नाहीत असा कामाचा दिवस ठकीला आठवत नव्हता. दुकानाचं शटर वर गेलं की ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाच-सहा टाचण्या जायच्या, त्या शटर खाली येताना बाहेर यायच्या. मधल्या वेळात गिऱ्हाइकांची चौकशी, शेजारच्या चावीवाल्याशी भांडण, फोनवरून धाकट्या बहिणीची कानउघाडणी, सगळं टाचण्यांच्या आडून. नवख्या माणसाला वाटायचं, शिंपीणबाईंची दाढ दुखतेय. ठकीला मात्र अक्षरन् अक्षर कळायचं.

आणखीही एक गोष्ट तिला कळायची, जी दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. आईला काही मनापासून सांगायचं असलं की ती आधी टाचण्या काढायची. एकेक करून पत्र्याच्या डबीत टाकायची, टिक, टिक, टिक, आणि मग बोलायची. ठकी नऊ वर्षांची असताना ‘बाबा आता घरी यायचे नाहीत’ हे असंच सांगितलं होतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात ती रडतखडत पास झाली तेव्हाही डबी वाजली होती. “काठावर का होईना, पलीकडे पोचलीस ना? झालं तर मग.”

सहा महिन्यांपूर्वी ठकीनं दातांच्या डॉक्टरांकडची नोकरी सोडली. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून जीव विटला म्हणाली, आणि ॲनिमेशन शिकायला गेली. तिथे पहिल्याच महिन्यात तिच्या हातात पडला तोंडांचाच तक्ता. कुठल्या आवाजाला ओठ मिटतात, कुठल्याला गोल होतात, जीभ कधी दिसते. नशिबाला विनोदाचं अंग असतं ते असं.

नोकरी सोडल्याचं तिनं सांगितलं तेव्हा आई एका कोटाची बाही लावत होती. “कर तुला काय करायचं ते,” आई म्हणाली. टाचण्यांच्या आडून. डबी वाजली नाही.

तेव्हापासून ठकी त्या वाक्याचा अर्थ लावत होती. तो आशीर्वाद होता की झटकून टाकणं, हे विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं. आईही अभ्यासाबद्दल विचारायची ते ‘जेवलीस का’ विचारावं तसं.

सत्राचं शेवटचं काम होतं दहा सेकंदांचं. खऱ्या माणसाचं खरं बोलणं टिपायचं आणि आपण घडवलेल्या पात्राच्या तोंडी बसवायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचं, सोबत त्या माणसाच्या सहीचा परवानगीचा कागद. ठकीनं आधी आवाज टिपला आणि परवानगीचं नंतर बघू म्हणाली. माणसं चुका करतात त्या अशाच, क्रम उलटा करून. खडूच्या खोक्यात फोन लपवून तिनं आईचं माप घेणं टिपलं. माप द्यायला एक नर्स आली होती, पोट आत ओढून, पुतळ्यासारखी ताठ. आई तिला म्हणाली, “श्वास सोड, पोरी. पोट ओढून माप दिलंस तर कपडा खोटीला बसेल. मग खरीनं काय घालायचं?”

ठकीला ते वाक्य सोन्यासारखं वाटलं. तिनं ते घासूनपुसून लख्ख केलं. मधलं अडखळणं कापलं, मागची खडखड काढली, आणि प्रत्येक अक्षराला तक्त्यातलं एक एक तोंड नेमून दिलं.

बुधवारी तिनं ते वर्गात दाखवलं. शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे आरसामास्तर म्हणत, कारण बोलताना स्वतःचे ओठ बघायला त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर एक हातआरसा सक्तीचा केला होता. मास्तरांनी ते दहा सेकंद तीनदा पाहिले.

“दहा सेकंदांत किती तोंडं घातलीस?”

“एक्केचाळीस, सर.”

“तरीच. बाई बोलत नाहीये, रवंथ करतेय.”

मागच्या बाकावर कुणीतरी हंबरलं. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. “ओठ सगळे बरोबर आहेत, पण माणूस चुकलाय. माणूस अक्षरं बोलत नाही गं, म्हणणं बोलतो. ज्यांचा आवाज आहे त्यांना दाखवलंस?”

“नाही, सर.”

“दाखव. आणि सहीचा कागद नसेल तर शुक्रवारी काम घेणार नाही. मग हे सत्र पुन्हा.”

गुरुवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ठकीनं लॅपटॉप कापायच्या टेबलावर ठेवला. आईनं हातातली कात्री खाली ठेवली नाही. पडद्यावर एक गोल चेहऱ्याची, मोत्यासारख्या दातांची बाई आईच्या आवाजात बोलली.

आईनं कात्रीची पाती मिटली.

“माझा आवाज कधी चोरलास?”

“नर्सताईचं माप घेत होतीस ना, तेव्हा. आई, चोरला नाही गं, फक्त...”

“खडूच्या खोक्याला कान फुटलेत हे मला माहीत नव्हतं.” टाचण्यांच्या आडूनही शब्द टोचले. “आणि ही कोण?”

“तू.”

“मी? आवाज माझा, तोंड टूथपेस्टच्या जाहिरातीतलं. एवढे दात मी लग्नातसुद्धा दाखवले नव्हते.”

ठकीला हसू आलं, पण आई हसत नव्हती. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी डोळे मिटून ऐकलं.

“आणि माझं मधलं गप्प बसणं कुठे गेलं?”

“कुठलं?”

“‘बसेल’ नंतर मी थांबले होते. ती पोरगी रडवेली झाली होती. लग्न ठरलंय तिचं, आरशात बघायला तयार नव्हती. मी उगाच नव्हते थांबले.”

ठकीनं परवानगीचा कागद हळूच पुढे सरकवला. आईनं तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“मी सही करणार नाही. माझी नाही ही बाई.”

ठकी तोंड फिरवून माप द्यायच्या आडोशात जाऊन उभी राहिली. तिथे तीन पानांचा उभा आरसा होता. तिन्ही पानांत तिचीच तीन तोंडं, तिन्ही रडायच्या बेतात. तिनं फोन कानाला लावला आणि मूळ आवाज ऐकला, न कापलेला. श्वास सोड, पोरी. पोट ओढून माप दिलंस तर कपडा खोटीला बसेल. आणि मग ती खडखड, जी तिनं कचरा म्हणून काढून टाकली होती.

टिक. टिक. टिक. टिक.

त्यानंतर मोकळ्या तोंडानं: मग खरीनं काय घालायचं?

ठकी फोन कानाशी धरून तशीच उभी राहिली. ज्या आवाजाची ती सहा महिने वाट बघत होती, तो तिच्या हातात होता आणि तिनं स्वतःच्या हातांनी पुसला होता. त्या नर्सच्या वाट्याला आला होता तो, हे खरं. पण पुसला हिनंच.

ती बाहेर आली, डबीतून चार टाचण्या घेतल्या, ओठांत धरल्या आणि आरशासमोर वाक्य म्हणू लागली.

“अगं ए! गिळशील!” आई कात्री टाकून धावली.

“तू नाही गिळलीस तीस वर्षं.”

“मी गिळलीय एक. तुला सांगितलं नाही.” आई तिच्या शेजारी उभी राहिली. “समोर नाही धरायच्या. कोपऱ्यात. डोकी बाहेर. आता दुसऱ्या बाजूनं बोल.”

दोघी आरशात बघत बोलू लागल्या. वरचा ओठ हलतच नव्हता. हनुवटी हलत होती, भुवया सगळा कारभार करत होत्या, आणि ‘पोरी’ म्हणताना आईची मान किंचित कलत होती, डावीकडे, जशी ठकीला ताप आला की कलायची. चावीवाल्यानं दारातून डोकावलं, मायलेकी आरशासमोर भुवया उडवताना पाहिल्या आणि आल्या पावली परतला.

“आज दुकानाला सुट्टी दिसतेय,” तो बाहेरून ओरडला.

“तुझ्या कुलुपांना बघ!” आईनं टाचण्यांतूनच ठणकावलं. ठकीनं तेही लिहून ठेवलं: राग आला की उजवी भुवई आधी.

दिवसभर तिनं त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून काम केलं. एक्केचाळीस तोंडांची अकरा झाली. मोत्याचे दात गेले. मधे ते गप्प बसणं परत आलं, पूर्ण दोन सेकंदांचं. त्यात ओठ काही बोलत नव्हते. फक्त हात वर येत होता, चार टाचण्या डबीत पडत होत्या आणि छाती भरून येऊन खाली बसत होती. त्या एका श्वासाला तिला सगळी दुपार लागली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्यावर तिनं लॅपटॉप पुन्हा त्याच जागी ठेवला. आईनं या वेळी कात्री खाली ठेवली. चष्मा लावला. पडद्यावरच्या बाईनं टाचण्यांच्या आडून पोट सोडायला सांगितलं, थांबली, डबी वाजवली आणि मोकळ्या तोंडानं शेवटचं विचारलं.

आईनं एकदाच पाहिलं.

“अशी दिसते मी?”

“अशीच.”

“थोराड दिसते.” मग पडद्याजवळ वाकून, “बरी दिसते पण.”

ठकीनं कागद पुढे केला नाही. आईनंच हात पुढे करून तिच्या पिशवीतून तो काढला, घडी उलगडली, टेबलावर तळव्यानं सरळ केली. सही करण्याआधी तिचा हात ओठांकडे गेला.

टिक.

ठकी डबीकडे बघत राहिली.

टिक. टिक. टिक. टिक.

“नोकरी सोडलीस तेव्हा मला कळत नव्हतं, काय बोलावं,” आई म्हणाली. तिचं तोंड मोकळं असलं की ते लहान दिसायचं, एखाद्या मुलीसारखं. “मला वाटलं, कागदावरच्या बाहुल्या हलवायला काय शिकायचं असतं. काल दिवसभर बघितलं. एका श्वासासाठी सतरा वेळा उसवलंस.”

“अठरा.”

“अठरा. मी बाही तीनदा उसवते आणि मग देवाला शिव्या देते.” तिनं सही केली. आधी आडनाव, मग नाव, नेहमीसारखं उलटं. “जा. उशीर होईल.”

ठकीनं कागद घेतला. तिला काही बोलायचं होतं, पण तोंडाचा कुठलाच आकार जमेना. ती लॅपटॉप छातीशी धरून दाराकडे निघाली.

“आणि ऐक,” आईनं हाक मारली. डबीतल्या टाचण्या एकेक करून पुन्हा ओठांत चालल्या होत्या, त्यामुळे पुढचं नेहमीसारखं, अर्धवट तोंडानं आलं. “त्या बाईच्या कॉलरची डावी बाजू वर चढलीय. मास्तरांना सांग, आईनं शिवलेली नाही.”